कृषी महाविद्यालयात शिकवत राहावे की बाहेर पडावे, आणि विद्यार्थ्यांना काय सांगावे?

कोरडवाहू मास्तर (केज, जि. बीड)

नमस्कार. मी परभणीहून कृषिविद्या विषयात एम.एस्सी. केली, पुढे नेट उत्तीर्ण झालो आणि गेली पाच वर्षे एका विनाअनुदानित कृषी महाविद्यालयात शिकवतो आहे. वेतन एकत्रित स्वरूपाचे आहे, वेतनश्रेणी नाही, आणि तेही दरवर्षी दोन-तीन महिने थकते. विद्यार्थ्यांचे शुल्क आणि शिष्यवृत्तीची रक्कम संस्थेकडे जमा झाली की मग आमच्याकडे पाहिले जाते. घरी सहा एकर कोरडवाहू जमीन आहे. त्यात सोयाबीन आणि तूर असते. वडिलांनी साठी ओलांडली आहे आणि "तू शिकवतोस ते आपल्या रानात कधी करणार?" असे ते आता अधूनमधून विचारतात. त्यात चेष्टा किती आणि गाऱ्हाणे किती, हे मला कळत नाही.

माझा पहिला प्रश्न असा, की कृषिविद्येच्या माणसाने या टप्प्यावर कृषी विज्ञान केंद्रातील पदाची वाट पाहावी, पीएच.डी.ला प्रवेश घ्यावा, बियाणे कंपनीकडे वळावे की सरळ घरी जाऊन शेती करावी?

दुसरा प्रश्न मला अधिक छळतो. सातव्या सत्रात आमचे विद्यार्थी ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी गावात राहतात. कृषिदूत, कृषिकन्या म्हणून गावकरी त्यांचे स्वागत करतात, बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक होते, छायाचित्र निघते, स्थानिक वर्तमानपत्रात चार ओळी येतात. मागच्या वर्षी एका शेतकरी काकांनी घरचे सोयाबीन पसाभर आणून मुलांसमोर ठेवले आणि "हे उगवंल का न्हाई, तेवढं सांगा" म्हणाले. आठ विद्यार्थ्यांपैकी एकानेही पुढे होऊन शंभर दाणे मोजून घेतले नाहीत. बीज तंत्रज्ञानाच्या परीक्षेत त्यांतील चौघांना प्रथम श्रेणी होती आणि तो विषय मीच शिकवलेला होता. हीच मुले आता शेवटच्या सत्रात "सर, पुढे काय करावे?" असे विचारतात आणि मी त्यांना स्पर्धा परीक्षांची नावे सांगून मोकळा होतो. जाणकारांनी कृपया स्पष्ट लिहावे; मन राखण्यासाठी लिहू नये.


पूर्णाकाठ (परभणी)

सर, मी एका संस्थेने चालवलेल्या कृषी विज्ञान केंद्रात पीक संरक्षणाची विषय विशेषज्ञ आहे, तेव्हा आपल्या पहिल्या प्रश्नातील केंद्राच्या भागापुरते लिहिते.

प्रत्येक केंद्रात मंजूर पदे सोळा असतात. त्यांत एक प्रमुख आणि सहा विषय विशेषज्ञ, उरलेली पदे कार्यक्रम सहायक, प्रक्षेत्र व्यवस्थापक, कार्यालयीन कर्मचारी आणि वाहनचालक यांची. म्हणजे एका केंद्रात आपल्या विषयाची जागा बहुधा एकच, आणि ती कोणी निवृत्त झाले किंवा सोडून गेले तरच निघते. खर्च भारतीय कृषी अनुसंधान परिषद देते आणि देखरेख पुण्याची अटारी (परिषदेची कृषी तंत्रज्ञान उपयोजन संशोधन संस्था) करते. तरी नियुक्ती करणारी संस्था वेगवेगळी असते. मराठवाड्यात काही केंद्रे परभणीच्या विद्यापीठाकडे आहेत, तर खरपुडी, अंबाजोगाई, सगरोळी येथील केंद्रे स्वयंसेवी संस्थांकडे आहेत. संस्थेच्या केंद्रात वेतनश्रेणी मिळते, परंतु निवृत्तीनंतरचे लाभ विद्यापीठातील सहकाऱ्यांसारखे असतीलच असे धरून चालू नये. रुजू होण्यापूर्वी हे लेखी विचारून घ्या. मी घेतले नव्हते.

मुलाखतीत मला शोधनिबंध किती, हे एकदाच विचारले गेले. उरलेला सर्व वेळ एका प्रश्नावर गेला. तुरीचा बीडीएन ७११ हा वाण प्रात्यक्षिकासाठी द्यायचा आहे, तर गावातील कोणते रान निवडाल? हा वाण लवकर येतो, त्यामुळे पाऊस संपल्यावर ज्या हलक्या-मध्यम रानातील ओल नोव्हेंबरात तुटते, तेथे शेंगा भरेपर्यंत तो तग धरतो, आणि उशिरा पक्व होणारे वाण तेथेच मार खातात. तोच वाण भारी रानात, विहिरीच्या पाण्याखाली दिला तर शेजारचा उशिराचा वाण त्याच्या पुढे जातो आणि शेतकरी म्हणतो, केंद्राचे बियाणे कमी पडले. बियाणे तेच, चूक रान निवडणाऱ्याची. आपण पाच वर्षे कृषिविद्या शिकवली आहे. हा प्रश्न आपल्याला सोपा जावा. नसेल जात, तर वडिलांचे सहा एकर हीच आपली तयारीची जागा आहे.

विद्यार्थिनींविषयी एक गोष्ट आपण विचारली नाही, तरी लिहिते. आमच्या तुकडीत मुली जवळजवळ निम्म्या होत्या. कृषिकन्या म्हणून त्या गावात राहिल्या, नांगरटीपासून मळणीपर्यंत सर्व पाहिले, आणि पदवी मिळताच घरून एकच वाक्य ऐकले, की आता परीक्षाच दे. क्षेत्रावरची नोकरी दुचाकीवरची असते, मुक्कामाची असते, आणि अशा जागेसाठी मुलगी नको हे जाहिरातीत कोणी छापत नाही, मुलाखतीत मात्र जाणवते. त्यांना मार्गदर्शन करताना माती परीक्षण, अन्नतंत्रज्ञान, ऊतिसंवर्धन, बियाण्यांची गुणवत्ता तपासणी या प्रयोगशाळेतील वाटाही मोकळेपणाने सांगा, पण त्या "मुलींसाठी सोयीच्या" म्हणून सांगू नका. मी दुचाकीवरच फिरते.


नर-मादी ओळी (जालना)

मास्तर, मी एका बियाणे कंपनीत उत्पादन विभागात सोळा वर्षे काढली आहेत. जालन्यात १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी महिको सुरू केली, १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, हे आपल्या विद्यार्थ्यांना सामान्यज्ञान म्हणून पाठ असेल. मात्र त्या एका उद्योगाच्या आधाराने जालना, जाफराबाद आणि पलीकडच्या देऊळगाव राजा भागात बीजोत्पादनाचे केवढे जाळे पसरले आहे, हे पाहायला ते कधी आले आहेत का? शेडनेटमध्ये मिरची, टोमॅटो, काकडी आणि उघड्या रानात भेंडी, कापूस यांचे संकरित बियाणे येथे गावोगावच्या शेतकऱ्यांकडून तयार करून घेतले जाते. कंपनी आणि शेतकरी यांच्यामध्ये ऑर्गनायझर असतो, आणि त्या तिघांच्या मध्ये आमच्यासारखा कृषी पदवीधर.

कंपनीत जाणे म्हणजे विक्रीत जाणे, असे बहुतेक मुले समजतात, आणि जागाही विक्रीतच जास्त असतात हे खरे आहे. विक्रीचे काम वाईट नाही, पण ते शेतीचे काम कमी आणि वसुलीचे जास्त. जूनमध्ये माल भरा, ऑगस्टमध्ये न खपलेला परत घ्या, दिवाळीपर्यंत दुकानदाराच्या मागे फिरा. ज्या मुलाला माणसांत रमता येते तो त्यात टिकतो. ज्याला पिकात रमायचे असते त्याने उत्पादनात यावे. तेथे वेतन सुरुवातीला कमी असते, पण फुलोऱ्याच्या दिवसांत रोज दहा प्लॉट पायी पाहिलेला माणूस तीन वर्षांत जे शिकतो ते वर्गात दहा वर्षांतही येत नाही. मी उमेदवाराला प्लॉटवर नेतो आणि विचारतो, यात नर ओळ (पराग देणारी) कोणती, मादी (बी धरणारी) कोणती, भेसळीचे झाड कोणते आणि ते आज का उपटायचे, आठ दिवसांनी का नाही. दहांपैकी सातजण मोबाइल काढतात.

आपल्या स्वतःविषयी मात्र मन राखत नाही. पाच वर्षे शिकवल्याचा अनुभव आमच्याकडे मोजला जात नाही. बावीस वर्षांच्या मुलाच्या शेजारी, त्याच वेतनावर बसण्याची तयारी असेल तर या. नसेल तर कंपनीचा विचार सोडा.


उधारीवाला (सेनगाव, जि. हिंगोली)

मी २०१४ चा पदवीधर. दोन वर्षे पुण्यात अभ्यासिकेत बसलो, मग गावी परतून कृषी सेवा केंद्र टाकले. अ‍ॅग्री क्लिनिक या कृषी पदवीधरांना व्यवसायासाठी मदत करणाऱ्या योजनेचे ४५ दिवसांचे निवासी प्रशिक्षण घेतले होते. ते मोफत असते आणि पुढे बँकेने प्रकल्प मंजूर केला तर सर्वसाधारण गटाला खर्चाच्या ३६ टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ४४ टक्के अनुदान मिळते. अडचण अनुदानाची नसते. बँकेचा शाखाधिकारी तारण मागतो, तेथे गाडी अडते. माझे कर्ज तिसऱ्या शाखेत झाले.

बियाणे, खते, कीटकनाशके असे तीन वेगळे परवाने लागतात आणि कृषी पदवी असली की शैक्षणिक पात्रतेचा प्रश्न मिटतो. धंदा मात्र पदवीवर चालत नाही, उधारीवर चालतो. जूनमध्ये दिलेल्या खताचे पैसे सोयाबीन विकल्यावर, आणि कापूसवाल्याचे त्याहून पुढे. युरियाबरोबर न खपणारी उत्पादने गळ्यात मारण्याला आमच्याकडे लिंकिंग म्हणतात. ते घेतले नाही तर युरियाची गाडी पुढच्या गावी जाते. हे कोणत्याही अभ्यासक्रमात नाही. माझा फायदा इतकाच झाला, की पान आणून दाखवणाऱ्याला मी गरज नसलेले औषध देत नाही, आणि म्हणून सहा कोसांवरून लोक येतात.

धाकट्या भावाने कृषी पदविका करून रेशीम अळ्यांचे चॉकी केंद्र काढले आहे. अळ्या दुसरी कात टाकेपर्यंत तो सांभाळतो आणि मग शेतकऱ्यांना देतो. त्याची उधारी माझ्याहून कमी आहे, कारण अळ्या पैसे मिळेपर्यंत थांबवून ठेवता येत नाहीत. मास्तरांनी नोकरी सोडून दुकान टाकू नये, एवढेच माझे म्हणणे; त्यांना "नाही" म्हणता येईल असे वाटत नाही.


जुने बाभूळबन (परभणी)

मी विद्यापीठाच्या सेवेतून निवृत्त झालो आहे. वरील तिन्ही उत्तरे अनुभवाची आहेत, तरी प्रश्नाच्या मुळाशी ती पोहोचत नाहीत असे मला वाटते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

परभणीला कृषी महाविद्यालय १९५६ साली निघाले आणि विद्यापीठ १८ मे १९७२ रोजी स्थापन झाले. त्या काळी कृषी विभाग, सहकारी संस्था आणि खुद्द विद्यापीठ हे सर्वच वाढत होते, त्यामुळे पदवीधर बाहेर पडण्यापूर्वीच त्याच्यासाठी खुर्ची तयार असे. कृषी पदवी म्हणजे सरकारी नोकरी हे समीकरण त्या पिढीने आपल्या मुलांना दिले, आणि पुढे खुर्च्या आटल्या तरी समीकरण तसेच राहिले. त्याच समीकरणावर गेल्या पंचवीस वर्षांत खासगी महाविद्यालये उभी राहिली. मास्तरांचे थकलेले वेतन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांचा गोंधळ ही दोन वेगळी दुखणी नाहीत. दोन्हींचे मूळ एकच आहे. आपण प्रवेश विकतो तो नोकरीच्या आशेवर, आणि शिकवतो ते परीक्षेपुरते.

स्पर्धा परीक्षांना माझा विरोध नाही. तालुका कृषी अधिकारी चांगला असेल तर तालुक्याचे कल्याण होते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. परंतु मुदत ठरवून परीक्षा द्यावी. बँकांच्या कृषी क्षेत्र अधिकारी पदासाठी सर्वसाधारण उमेदवाराची वयोमर्यादा ३० आहे. मुलगा बावीसाव्या वर्षी पदवीधर होतो, दोन वर्षे लोकसेवा आयोगासाठी देतो, मग आणखी दोन, आणि जेव्हा बँकेची परीक्षा आठवते तेव्हा हातातील वर्षे सरलेली असतात. पहिल्या दोन वर्षांत आयोग, बँक आणि कृषी सेवक या तिन्हींचे अर्ज एकदमच भरावेत, आणि त्या काळात गावातील किमान एक हंगाम स्वतःच्या हातांनी करावा. अभ्यास बुडेल ही भीती खोटी आहे. कृषी विषयाच्या प्रश्नपत्रिकेत रान पाहिलेल्या मुलाला जे सहज सुचते, ते अभ्यासिकेत बसलेल्याला पाठ करावे लागते. मुलाखतीत तर हा फरक लपतच नाही.

कृषी पदवीचा अभ्यासक्रम सुचवणाऱ्या सहाव्या अधिष्ठाता समितीच्या शिफारशींनुसार आलेल्या नव्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र किंवा दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोय आहे. कागदावर ही सोय चांगली दिसते. एका वर्षात बाहेर पडणाऱ्याला आपण नेमके कोणते कौशल्य दिले, याचे उत्तर मात्र महाविद्यालयाकडे असले पाहिजे, आणि ज्या महाविद्यालयाच्या प्रक्षेत्रावर विहिरीचा पंप वर्षभर बंद असतो तेथे ते उत्तर मिळणार नाही.

आता त्या पसाभर सोयाबीनकडे वळतो. मास्तर, मुलांनी शंभर दाणे का मोजले नाहीत, याचे कारण आपणास ठाऊक आहे. त्यांनी उगवणक्षमतेची चाचणी जर्नलमध्ये लिहिली होती, आकृती काढली होती, आणि आपण त्यावर सही केली होती. ओल्या गोणपाटात शंभर दाणे दहा-दहांच्या ओळींनी गुंडाळून ठेवणे, रोज पाणी शिंपडणे आणि पाच-सात दिवसांनी कोंब मोजणे याला एक रुपयाही लागत नाही. सत्तर किंवा त्याहून अधिक उगवले तर नेहमीच्या प्रमाणात पेरा, त्याखाली गेले तर बियाणे वाढवा किंवा बदला, एवढे सांगता आले असते तर त्या काकांनी पुढच्या वर्षीही त्या मुलांना बोलावले असते. सोयाबीनचे टरफल पातळ असते, मळणीयंत्राचा वेग जास्त ठेवला किंवा पोते उंचावरून टाकले तरी अंकुर दुखावतो. हे कारण मुलांना माहीत होते, कारण ते दोन गुणांसाठी विचारले जाते. माहिती होती, हात पुढे झाला नाही.

परभणी क्रांती ही भेंडी जंगली जातीशी संकर करून पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या केवडा रोगाला तोंड देण्यासाठी तयार झाली, नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रातून एनएचएच ४४ हा कापसाचा संकर निघाला. ही कामे ज्यांनी केली ती माणसे तासन्‌तास रानात वाकून उभी असत. त्यांच्या हाताखाली मी शिकलो. ते शिकवत असत असे म्हणता येणार नाही. आम्ही त्यांच्यामागे वही घेऊन चालत असू.

म्हणून माझा सल्ला असा, की आपण लगेच नोकरी सोडू नये आणि पीएच.डी. केवळ वाट पाहण्याची जागा म्हणून करू नये. कृषी विज्ञान केंद्राची जाहिरात आल्यास अर्ज अवश्य करावा. परंतु त्याआधी या खरिपात आपल्या सहा एकरांपैकी दोन एकरांवर सोयाबीनचे बीजोत्पादन घ्यावे. पायाभूत बियाणे (ज्यापासून प्रमाणित बियाणे तयार करतात ते) आणून, बीज प्रमाणीकरण यंत्रणेकडे नोंदणी करून, शेजारच्या वाणापासून अंतर राखून, फुलोऱ्यात भेसळ काढून, सर्व रीतसर. आणि ते काम विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावे. आपल्याकडील एखादा जरी मुलगा त्यातून ग्राम बीजोत्पादनाकडे किंवा शेतकरी उत्पादक कंपनीच्या कामाकडे वळला, तर त्याला "पुढे काय" हा प्रश्न आपल्याला विचारावा लागणार नाही. वडिलांनाही उत्तर मिळेल.


उधारीवाला (सेनगाव, जि. हिंगोली)

सर, आपला मान राखून एक शंका. शेतकरी उत्पादक कंपनीचे नाव सर्वच जण घेतात. केंद्र सरकारच्या २०२० च्या योजनेत व्यवस्थापन खर्चासाठी प्रत्येक कंपनीला तीन वर्षांसाठी १८ लाखांपर्यंत मदत आहे, त्यातूनच मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचे वेतन निघते. तीन वर्षे संपल्यावर ते वेतन कोण देणार? आमच्या भागातील अशा एका कंपनीत माझा मित्र होता. मदत संपली आणि तो माझ्या दुकानात हिशेब लिहायला बसला.


जुने बाभूळबन (परभणी)

शंका रास्त आहे. जी कंपनी केवळ खते-बियाणे विकते ती आपल्या दुकानाची स्पर्धक होते आणि बहुधा हरते. जी कंपनी सभासदांचे सोयाबीन स्वच्छ करून, प्रतवारी करून, बियाणे म्हणून विकते, तिच्याकडे चौथ्या वर्षी अधिकाऱ्याला देण्यासारखे काही उरते. आपल्या मित्राच्या कंपनीकडे बीज प्रक्रिया यंत्र होते का, ते कळवावे.


उधारीवाला (सेनगाव, जि. हिंगोली)

नव्हते. फलक होता.


कोरडवाहू मास्तर (केज, जि. बीड)

सर्वांचे मनापासून आभार. बाभूळबन सर, जर्नलवरील सहीचे आपले वाक्य मी दोनदा वाचले. ती सही माझीच होती, आणि खरे सांगायचे तर ज्या वर्षी ती केली त्या वर्षी प्रयोगशाळेत गोणपाटही नव्हते आणि मी ते मागितलेही नव्हते.

काल वडिलांशी बोललो. विहिरीशेजारचे दीड एकर बीजोत्पादनासाठी देण्यास ते तयार आहेत, दोन एकर नाही. उरलेल्या अर्ध्या एकरात त्यांना उडीद घ्यायचा आहे आणि त्यावर चर्चा नको असे त्यांनी सांगितले. पायाभूत बियाण्याची चौकशी मी या आठवड्यात करतो. ताई, केंद्राचा अर्ज निघाला तर भरणार आहे आणि निवृत्तीच्या लाभांची चौकशी लेखी करीन. नर-मादी ओळी दादा, कंपनीत येण्याचे धैर्य माझ्यात नाही, परंतु सातव्या सत्रातील वीस विद्यार्थ्यांना घेऊन एक दिवस आपल्याकडे यावे असे मनात आहे. प्राचार्यांनी बसचा खर्च नाकारला तरी मुले वर्गणी काढायला तयार आहेत. कोणत्या दिवसांत आणि किती वाजता आलो तर त्यांना खरोखर काही पाहता येईल?


नर-मादी ओळी (जालना)

भेंडीचे क्रॉसिंग पाहायचे असेल तर ऑगस्टच्या अखेरीस या आणि आदल्या दिवशी दुपारी पोहोचा. उद्या उमलणाऱ्या कळीतील पुंकेसर संध्याकाळी काढतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पराग लावतात. फक्त सकाळ पाहिली तर अर्धेच समजते. मुक्कामाची सोय गावातल्या शाळेत करून देतो. वीस नको, दहा-दहांच्या दोन तुकड्या करा, कारण ओळींमध्ये वीसजण शिरले तर मजूर बाया आम्हाला हाकलतील. आणि एका बाईकडून शिकून घेऊन प्रत्येक मुलाने किमान पाच कळ्या स्वतः करायच्या आहेत, हे त्यांना निघण्यापूर्वीच सांगा. नखे कापून यायला सांगा.